मलय गाणं कुणाचं आणि बक्षीस कुणाला

मलेशियात वर्षातून एक रात्र अशी येते, की टीव्हीवर दहा-बारा गाणी एकामागून एक प्रत्यक्ष सादर होतात आणि शेवटी मानाची ट्रॉफी जाते ती गाण्याला. म्हणजे संगीतकाराला आणि गीतकाराला. पोस्टरवर गायकाचं नाव मोठं असतं, टाळ्या त्याला पडतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोही त्याचाच येतो. पण विजेते म्हणून नोंद होते ती चाल बांधणाऱ्याची आणि शब्द लिहिणाऱ्याची. या स्पर्धेचं नाव 'अनुगराह जुआरा लागू'. सगळे तिला एजेएल म्हणतात. टीव्ही थ्री ही वाहिनी १९८६ पासून ती भरवते.

मलय संगीताची गोडी मला लागली ती गायकांमुळे, पण ते उमगायला लागलं या पुरस्कारांमुळे. तिथे एकच सर्वमान्य असा पुरस्कार नाही. एक गाण्याचा, एक संगीत व्यवसायातल्या जाणकारांचा, एक लोकांच्या मतांवर ठरणारा, आणि एक तर शेजारच्या देशांना सोबत घेऊन दिला जाणारा. प्रत्येकाची फूटपट्टी वेगळी. या फूटपट्ट्यांवरून तिथे जी भांडणं झाली, ती वाचली की गाण्यांमागचा देश दिसू लागतो.

आधी नावांबद्दल थोडं, नाहीतर वाचताना गोंधळ होतो. मलय माणसाला आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग मुलासाठी 'बिन' किंवा मुलीसाठी 'बिन्ती', मग वडिलांचं नाव. त्यामुळे सिती नुरहलिझा हे सगळं तिचं स्वतःचंच नाव आहे, आणि पेपरवाले तिला सरळ 'सिती' म्हणतात. पी. रामली यांच्या नावातला 'पी' वडिलांच्या 'पुतेह' या नावातून आला. नावापुढे दातुक, दातो श्री, तान श्री असं काही दिसलं, तर ती राजाने किंवा सुलतानाने दिलेली पदवी समजायची. गायकांना अशा पदव्या मिळतात, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मुंबईहून पिनांगला

या संगीताची एक वाट थेट आपल्या मुंबईतून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या पारशी नाटक मंडळ्या जहाजाने पूर्वेकडे दौरे करत. पिनांग हे तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यातलं गजबजलेलं बंदर होतं. नाटकाची भाषा तिथल्या मलय प्रेक्षकाला कळत नव्हती, पण रंगवलेले पडदे, झगमगते पोशाख आणि प्रसंगाप्रसंगाला येणारी गाणी यांनी लोकांना वेड लावलं. या खेळांना तिथे 'वायांग पार्सी' असं नाव पडलं. १८८० च्या दशकात पिनांगच्या मामाक पुशी नावाच्या गृहस्थाने अशाच एका मंडळीचं सामान विकत घेऊन मलय भाषेतली स्वतःची कंपनी उभी केली, असं सांगतात. त्यातून 'बांगसावान' हा नाट्यप्रकार रुजला आणि पुढची पन्नासेक वर्षं मलय मुलखात त्याचंच राज्य होतं.

मराठी वाचकाला इथे चटकन एक तारीख आठवेल. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आलं ते १८८० मध्येच, आणि त्यांनाही स्फूर्ती पारशी मंडळीचं नाटक पाहूनच झाली, अशी कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. एकाच ठिणगीतून एकाच दशकात पुण्यात संगीत नाटक आणि पिनांगमध्ये बांगसावान, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

बांगसावानने गाण्याला एक स्वतंत्र जागा मिळवून दिली. मागे पडदा बदलत असताना प्रेक्षक कंटाळू नयेत म्हणून एखादी गायिका पुढे येऊन नाटकाशी काहीही संबंध नसलेलं गाणं म्हणायची. याला 'एक्स्ट्रा टर्न' म्हणत. कथेपासून सुटं झालेलं, केवळ गाणं म्हणून ऐकलं जाणारं गाणं इथे तयार झालं. याच नटनट्यांना घेऊन सिंगापुरात पहिला मलय बोलपट बनला, 'लैला मजनून'. तो १९३४ मध्ये पडद्यावर आला. त्यामागे पैसा होता मुंबईच्या मोतीलाल केमिकल कंपनीचा, आणि दिग्दर्शक होते हिंदुस्थानातून आलेले बी. एस. राजहंस.

रामली

हेच राजहंस १९४८ साली नव्या आवाजांच्या शोधात उत्तरेकडे गेले. पिनांगजवळ बुकित मर्ताजाम इथे एका शेतकी प्रदर्शनात एकोणीस वर्षांचा एक मुलगा गाताना त्यांच्या कानावर पडला. त्याला त्यांनी सिंगापूरला बोलावून घेतलं. तो मुलगा म्हणजे पी. रामली. पहिल्या चित्रपटात, 'चिंता'मध्ये, त्याला छोटी खलनायकी भूमिका मिळाली आणि नायकासाठी पडद्यामागून गाण्याचं काम मिळालं. पडद्यावर वाईट माणूस आणि पडद्यामागे नायकाचा गोड आवाज, दोन्ही तोच.

सिंगापूरच्या जालान आंपास रस्त्यावरचा तो स्टुडिओ हे एक वेगळंच जग होतं. मालक चिनी शॉ बंधू, सुरुवातीचे बरेचसे दिग्दर्शक भारतीय, नट मलय. पार्श्वगायनाची पद्धत, चित्रपटात सात-आठ गाणी घालायची सवय, गाण्याच्या जागा, हे सगळं आपल्याकडून तिकडे गेलं. सैगलांचा 'स्ट्रीट सिंगर' दिग्दर्शित करणारे फणी मजुमदार पुढे तिथे गेले आणि १९५६ मध्ये त्यांनी 'हांग तुआह' हा भव्य रंगीत चित्रपट केला. नायक रामली, संगीतही रामलींचं. त्या वर्षी हाँगकाँगच्या आशियाई चित्रपट महोत्सवात या संगीताला पुरस्कार मिळाला. मलय गाण्याचं देशाबाहेर झालेलं हे अगदी सुरुवातीचं मोठं कौतुक.

रामली गायक, संगीतकार, नट आणि दिग्दर्शक होते. १९५५ च्या 'पनारिक बेचा'पासून त्यांनी दिग्दर्शनही हाती घेतलं. हा चित्रपट एका सायकलरिक्षावाल्याचा आणि त्यातलं 'अझीझा' आजही लोकांच्या तोंडी आहे. त्यांच्या चाली ऐकल्या तर खाली ठेका रुंबाचा किंवा बोलेरोचा असतो, वाद्यमेळ जॅझच्या वळणाचा, आणि वर सूर मात्र अस्सल मलय, थोडा उदास, शब्दाच्या शेवटाशी अलगद हेलावणारा. 'गेतारान जिवा' हे गाणं याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण. १९६० च्या 'आंतारा दुआ दारजात' चित्रपटातलं. चाल रामलींची, शब्द एस. सुदारमाजी यांचे. गाणं सांगतं ते इतकंच, की जिवाचं कंपन सुरांत उतरलं तर ते दुसऱ्या जिवापर्यंत पोहोचतं. चित्रपटात हे गाणं गातो गरीब घरचा वादक आणि ऐकते ती खानदानी घरची मुलगी, त्यामुळे साध्या शब्दांना धार येते.

कलावंताला समाजात काय जागा होती, हे बघायचं असेल तर १९६२ चा 'इबू मर्तुआकू' पाहावा. नायक कासिम सलामत सॅक्सोफोन वाजवतो, रेडिओवर गातो, लोक त्याच्यावर जीव टाकतात. श्रीमंत घरची मुलगी त्याच्या प्रेमात पडते. आईला कळतं तेव्हा तिला जावई हवा असतो वकील, मॅजिस्ट्रेट असा कुणी, आणि समोर उभा राहतो गाणारा-वाजवणारा. ती त्या दोघांचा संसार उधळून लावते. रामलींनी हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला आणि कासिमही स्वतःच झाले. त्यात त्यांचं स्वतःचं दुखणं होतं, असं मी म्हणणार नाही. पण गाणाऱ्याकडे बघण्याची ती नजर त्यांना आतून माहीत असणार.

पुढे त्यांचेही दिवस फिरले. १९६४ मध्ये ते सिंगापूर सोडून क्वालालंपूरला आले. तिथला स्टुडिओ साधनांनी गरीब, शिवाय गिटार घेतलेल्या पोरांच्या बँडांचा जमाना सुरू झालेला. 'पोप ये ये' म्हणतात त्या लाटेचं नावच मुळी बीटल्सच्या 'ये ये'वरून पडलं. नव्या चित्रपटांना पूर्वीचं यश मिळालं नाही. २९ मे १९७३ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने ते गेले. तान श्री ही पदवी त्यांना मिळाली १९९० मध्ये, मृत्यूनंतर सतरा वर्षांनी. क्वालालंपूरमधला एक मोठा रस्ता आज त्यांच्या नावाचा आहे आणि सतापाकमधल्या त्यांच्या घराचं संग्रहालय झालं आहे. त्यांची पत्नी सलोमा त्या काळची अतिशय लाडकी गायिका होती. 'बिदुआनिता नगारा', म्हणजे राष्ट्राची गायिका, हा मान तिला हयातीत मिळाला, ही त्यातली समाधानाची गोष्ट.

ठेके ओळखायला शिका

एजेएलकडे परत वळण्याआधी कान थोडा तयार करायला हवा. जुन्या मलय गाण्याचे चार मुख्य ठेके आहेत. 'आसली' संथ असतो, घंटेसारखा गाँग ठरावीक जागी पडतो आणि गायकाला हरकती-मुरक्यांना भरपूर वाव मिळतो. 'इनांग' मध्यम, लयदार, नाचाला सोपा. 'जोगेट' जलद आणि उसळता. वर तीनाची चाल, खाली दोनाची, त्यामुळे पाय आपोआप हलतात. जोगेटमध्ये मलाक्काच्या पोर्तुगीज वस्तीच्या नाचाचा अंश आहे, आणि ते पोर्तुगीज तिथे पोहोचले होते आपल्या गोव्याहून. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या आफोन्सो द आल्बुकर्कने लगेच पुढच्या वर्षी मलाक्का घेतलं. चौथा 'झापिन' येमेनच्या हद्रामी अरबांबरोबर आला. त्यात गांबुस नावाचं तंतुवाद्य आणि मारवास ही छोटी हातढोलकी हमखास असते. दक्षिणेकडच्या जोहोर राज्यात तर 'गझल' नावाचा प्रकार आहे, आणि त्यात व्हायोलिन, गांबुसच्या जोडीला चक्क पेटी आणि तबला असतो.

शब्दांची रचना बहुतेकदा 'पांतुन'ची. चार ओळी, पहिलीचं यमक तिसरीशी, दुसरीचं चौथीशी. पहिल्या दोन ओळींत एखादं चित्र येतं, खरं म्हणणं शेवटच्या दोन ओळींत. सगळ्या मलय मुलांना पाठ असलेला एक जुना लोकपांतुन असा: 'पिसांग एमास दिबावा बलायार, मासाक सबिजी दी आतास पती; हुतांग एमास बोलेह दिबायार, हुतांग बुदी दिबावा माती.' सोनकेळी गलबतावर नेली, पेटीवर ठेवलेलं एक पिकलं. सोन्याचं कर्ज फेडता येतं, उपकाराचं कर्ज मरेपर्यंत सोबत येतं. केळ्याचा आणि उपकाराचा उघड संबंध काही नाही. पण यमक दोघांना बांधून टाकतं, आणि ऐकणारा पहिल्या दोन ओळींतच ओळखतो की आता काहीतरी मनाला लागणारं येतंय. आजच्या पॉप गाण्यातही ही सवय सुटलेली नाही. आधी पाऊस, पक्षी, होडी, आणि मग एकदम काळजाला हात.

तीन पुरस्कार, तीन उत्तरं

आता एजेएल. वर्षभर 'मुझिक-मुझिक' या कार्यक्रमात गाणी वाजत राहतात, प्रेक्षकांच्या पसंतीने वर येतात, उपांत्य फेरीत गाळली जातात आणि अंतिम फेरीत मोजकीच उरतात. तिथे परीक्षक चाल, शब्द आणि सादरीकरण तपासतात. गाणं प्रत्यक्ष, वाद्यवृंदासमोर गावं लागतं, त्यामुळे स्टुडिओत सजवलेला आवाज उपयोगी पडत नाही. गायकासाठी उत्तम आवाज आणि उत्तम सादरीकरण अशी वेगळी बक्षिसं आहेत. पण मुख्य विजेता गाणंच. १९८६ मध्ये फ्रान्सिस्का पीटरने गायलेलं 'सकादार दी पिंगिरान' पहिलं विजेतं ठरलं. १९८९ मध्ये 'सर्च' या रॉक बँडचं 'इझाबेला' जिंकलं आणि लांब केसांच्या रॉक पोरांनाही हे व्यासपीठ आपलं वाटू लागलं.

माझ्या मते एजेएलने केलेलं सर्वांत मोठं काम वेगळंच आहे. १९९० च्या दशकात त्यांनी स्पर्धेत गट पाडले. बॅलड, पॉप-रॉक, आणि तिसरा गट पारंपरिक ठेक्यांवर बांधलेल्या नव्या गाण्यांचा, 'इरामा मलेशिया'चा. तोवर आसली आणि झापिन म्हणजे लग्नसमारंभातलं, वडीलधाऱ्यांचं संगीत, अशी तरुणांची समजूत होत चालली होती. गट झाला तसे संगीतकार त्याच्यासाठी गाणी करू लागले, कंपन्या ती छापू लागल्या, रेडिओ वाजवू लागला. एका बक्षिसाच्या नियमाने संगीताची दिशा वळते, याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

या वळणावर सिती नुरहलिझा उभी होती. जन्म ११ जानेवारी १९७९, पाहांग राज्यातली, साध्या घरातली. सरकारी वाहिनी आरटीएमची गायनस्पर्धा तिने १९९५ मध्ये सोळाव्या वर्षी जिंकली. पहिलंच गाणं 'जरात पर्चिंताआन', संगीत अदनान अबू हसन यांचं, आणि १९९६ चं एजेएल त्याच गाण्याने जिंकलं. हे होतं पॉप बॅलड. याच वाटेने जात राहिली असती तरी ती मोठी झाली असती. पण तिने सुहाइमी मोहमद झैन, म्हणजे 'पाक ङाह' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीतकाराचं 'चिंदाई' गायलं. शब्द हैरुल अनुआर हारून यांचे. १९९८ मध्ये पारंपरिक गटातून येऊन हे गाणं सगळ्या गटांच्या वर, एजेएलचं विजेतं ठरलं.

'चिंदाई' नीट ऐका. सुरुवातीला वाद्यांचा एक लांब, अरबी वळणाचा तुकडा येतो. ठेका चालता असतो, पण सितीचा आवाज घाई करत नाही. ओळीच्या शेवटी ती सूर सरळ सोडत नाही, त्याला दोन-तीन बारीक लाटा देते आणि मग खाली टेकवते. या जागांना मलय गायक 'लेंगोक' म्हणतात. शब्द जुन्या वळणाचे, पांतुनच्या घडणीचे, प्रेमात दुखावलेल्या मनाचे. चिंदाई म्हणजे फुलांच्या नक्षीचं रेशमी वस्त्र. शतकानुशतकं गुजरातच्या पटोळ्याच्या रूपात ते व्यापाऱ्यांच्या गलबतांतून मलय दरबारांत जात होतं. एकोणीस वर्षांच्या मुलीने गायलेलं, जुन्या वस्त्राचं नाव मिरवणारं, जुन्या भाषेतलं गाणं देशातल्या तरुणांनी डोक्यावर घेतलं. पुढच्याच वर्षी सितीने पारंपरिक गाण्यांतली नावाजलेली गायिका नोरानिझा इद्रिस हिच्याबरोबर 'सरी बालास' हा अख्खा अल्बम केला आणि त्यातलं 'हाती कामा' घराघरांत पोहोचलं.

एम. नासिर यांची वाटही याच काळातली, पण जास्त खोल जाणारी. सिंगापुरात जन्मलेला हा संगीतकार-गायक. १९९४ मध्ये त्यांचं 'तान्या सामा इतू हुद हुद' जिंकलं. हुदहुद हा सूफी परंपरेतला वाट दाखवणारा पक्षी. त्या गाण्यात लोकठेका आहे, सूफी रूपक आहे आणि रॉकची ताकदही आहे, तरी कुठेही ओढाताण वाटत नाही. पुढे हाफिझ या तरुण गायकासाठी त्यांनी केलेलं 'आवान नानो'ही एजेएल जिंकलं. गायक कुणीही असो, नासिर यांची चाल दोन ओळींत ओळखू येते. ट्रॉफी गाण्याला का द्यावी, याचं यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याजवळ नाही.

दुसरा पुरस्कार 'अनुगराह इंडस्त्री मुझिक', म्हणजे एआयएम. १९९३ मध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने तो सुरू केला. अमेरिकेच्या ग्रॅमीसारखा घाट: उत्तम अल्बम, उत्तम गायक, उत्तम ध्वनिमुद्रण, उत्तम वाद्यसंयोजन, सगळ्यांना वेगवेगळी बक्षिसं आणि निवड जाणकारांची. पडद्यामागच्या माणसांना इथे नाव मिळतं.

तिसरा 'बेरिता हारियान' या दैनिकाचा लोकप्रिय कलावंतांचा पुरस्कार. पूर्वी पेपरात कूपन छापून यायचं, वाचक ते कापून, भरून पाठवायचे. कलेची पारख हा त्याचा दावाच नाही. लोकांचं प्रेम कुणावर, एवढंच तो मोजतो, आणि सितीने तो वर्षानुवर्षं मिळवला.

लोकांच्या प्रेमाची सर्वांत मोठी लाट मात्र आली २००५ मध्ये. मेक्सिकोच्या एका कार्यक्रमावरून घेतलेल्या 'अकादमी फांतासिया'त गाणारी मुलं एका घरात राहायची, शिकायची, दर आठवड्याला गायची आणि प्रेक्षक एसएमएसने मत द्यायचे. तिसऱ्या पर्वात जोहोरमधल्या पामतेलाच्या मळेवाल्यांच्या वसाहतीतून आलेला मावी जिंकला. आवाज फार तयारीचा नव्हता, असं टीकाकार म्हणत राहिले. पण नशीद गाणारा हा लाजाळू मुलगा खेड्यापाड्यांतल्या लाखो घरांना आपल्यातला वाटला. नशीद म्हणजे धार्मिक समूहगीत. 'रैहान' या गटाने १९९६ च्या पहिल्याच अल्बमने लाखोंच्या घरात विक्री करून नशीदला बाजारात आणलं होतं, त्यामुळे मावीचे श्रोते आधीपासून तयार होते. त्याला नुसता प्रसिद्धीचा फुगा म्हणणं मला पटत नाही. ज्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं, त्या लोकांनी मतदानातून स्वतःची उपस्थिती नोंदवली.

सुदिरमान, आणि सणाला घरी जाणं

सुदिरमान अर्शाद या गायकाला कुठल्याच गटात बसवता येत नाही. पाहांगमधल्या तमरलोहचा, शिक्षणाने वकील. आरटीएमची स्पर्धा त्याने १९७६ मध्ये जिंकली. अंगकाठी लहान, पण रंगमंचावर आला की सगळी जागा भरून टाकायचा. १४ एप्रिल १९८६ रोजी त्याने क्वालालंपूरच्या चौकित रस्त्यावरच मैफल केली. भर रस्त्यात, फुकट. गर्दी एक लाखाच्या आसपास होती असं सांगतात. चौकित हा कष्टकऱ्यांचा, फेरीवाल्यांचा भाग. ज्या माणसांना तिकीट परवडत नाही त्यांच्यात जाऊन गाण्याचा त्याचा तो हट्ट होता. १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आशियातला सर्वोत्तम रंगमंच-कलावंत म्हणून त्याची निवड झाली. २२ फेब्रुवारी १९९२ रोजी तो गेला, सदतिसाव्या वर्षी.

त्याचं 'बालिक कामपुंग' हे गाणं मलेशियात ईदच्या आधी सगळीकडे वाजतं. अर्थ सरळ आहे, गावाकडे परत जाणं. ईदला तिथे 'हारी राया' म्हणतात आणि शहरं अक्षरशः रिकामी होतात. गणपतीला मुंबईहून कोकणात निघालेल्या चाकरमान्याच्या मनात जे असतं तेच या गाण्यात आहे. रस्त्यावर वाहनांची रांग, आणि मन आधीच घरी पोहोचलेलं. ईदच्या गाण्यांचा हा एक स्वतंत्र खजिनाच आहे. रामलींचं 'दन्दांग परांताउ' त्याच्या नेमकं उलट बाजूचं. सणाच्या दिवशी परमुलखात अडकलेल्या माणसाचं. दोन्ही पाठोपाठ ऐकावीत.

भाषा कुणाची

आता भांडणांबद्दल. इंडोनेशियाची भाषा मलयच्याच घरातली, त्यामुळे गाणी सहज सीमा ओलांडतात. शीला माजिदने १९८० च्या दशकात 'आंतारा आन्येर दान जाकार्ता' गाऊन इंडोनेशियात नाव केलं. तिने पुढे रामलींना आदरांजली म्हणून 'लेजेंदा' हा अल्बम काढला, तोही जरूर ऐका. 'इझाबेला'ने तर इंडोनेशियातही धुमाकूळ घातला. मग वारं फिरलं. २००० नंतर इंडोनेशियाचे बँड मलेशियाच्या रेडिओवर इतके वाजू लागले, की २००८ मध्ये मलेशियाच्या कलावंतांच्या संघटनेने शंभरातली नव्वद गाणी स्थानिकच असावीत, अशी मागणी केली. त्याच्या आदल्या वर्षी 'रासा सायांग' हे लोकगीत मलेशियाच्या पर्यटन जाहिरातीत वाजलं आणि इंडोनेशियात संताप उसळला. गाणं आमचं, असं त्यांचं म्हणणं. माझं मत विचाराल तर लोकगीताला पासपोर्ट नसतो. पण ज्याचं गाणं दुसऱ्याच्या जाहिरातीत वाजतं त्याला वाईट वाटतं, हेही खरं. या वादांच्या आधीच, २००१ मध्ये, सिंगापूरकरांनी 'अनुगराह प्लानेत मुझिक' चालू केला. सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया तिघांच्या गाण्यांना एकाच मंचावर आणणारा. २००९ मध्ये सिती आणि इंडोनेशियाची क्रिस्दायान्ती यांनी मिळून अल्बम केला, तोही याच समजूतदारपणातला.

देशाच्या आतलं भांडण जास्त नाजूक होतं. मलेशियात मलय, चिनी, तमिळ, बोर्निओ बेटावरच्या सबा-सारावाक राज्यांतले लोक, सगळे गातात. पहिली 'मलेशियन आयडॉल' जॅकलिन व्हिक्टर भारतीय वंशाची, आणि तिचं मलय गाणं 'गमिलांग' सगळ्या देशाने आपलं मानलं. युनासारखी केदाह राज्यातली मुलगी इंग्रजीतही गाते आणि अमेरिकेत नाव कमावते. मग उत्तम मलेशियन गाणं कोणतं? देशात बनलेलं कुठल्याही भाषेतलं, की मलय भाषेतलंच? २०१५ मध्ये एआयएमच्या आयोजकांनी मुख्य बक्षिसं मलय गाण्यांसाठी आणि इतर भाषांतल्या गाण्यांसाठी वेगळी करायचं ठरवलं. राष्ट्रभाषेतली गाणी मागे पडू नयेत, हा त्यांचा हेतू. कलावंत खवळले, वाद थेट राजकारण्यांपर्यंत गेला आणि आयोजकांना माघार घ्यावी लागली. मला दोन्ही बाजूंचं दुःख कळतं. भाषेच्या गाण्याला आधार हवाच. पण त्यासाठी सहकाऱ्याला दुसऱ्या रांगेत बसवलं, तर तो आधार त्या भाषेलाही लाभत नाही.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर 'गेतारान जिवा'पासून करा, मग 'चिंदाई', मग 'तान्या सामा इतू हुद हुद'. सुदिरमानचं 'मरिसिक खाबार' रात्री ऐकण्याजोगं आहे. नव्या पिढीतला हाएल हुसैनी हा गायक-गीतकार 'जांपी' आणि 'हाराम' या गाण्यांनी लागोपाठ दोन एजेएल जिंकला. 'हाराम'मध्ये त्याच्यासोबत सारावाकची दायांग नुरफैझा गाते, आणि आजच्या मलय आवाजांत तिच्याइतकी भक्कम गायिका मला तरी दुसरी सापडलेली नाही. यूट्यूबवर मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर एजेएलच्या रात्रीचं प्रत्यक्ष सादरीकरणही शोधा, आणि पडद्यावर गायकाच्या नावाखाली जी दोन छोटी नावं येतात तीही वाचा.